डिचोलीचे न झालेले युद्ध : संकेतस्थळ कसे वाचावे?

१/
इ. स. १६४०-४१ मध्ये गोव्यातील डिचोली परिसरात पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात मोठे युद्ध झाले आणि शेवटी तह होऊन ते मिटले, असे सांगणारा एक लेख इंग्रजी विकिपीडियावर २००७ ते २०१२ अशी पाच वर्षे होता. सुमारे साडेचार हजार शब्दांचा हा लेख नीटनेटका होता, त्यात ठायी ठायी तळटिपा होत्या आणि त्याला 'उत्तम लेख' हा दर्जाही मिळाला होता. अडचण एवढीच की, असे युद्ध कधी झालेच नव्हते.

हा थ्रेड त्या काल्पनिक युद्धाच्या निमित्ताने एका खऱ्या प्रश्नाचा आहे : विद्यापीठात इतिहास शिकताना आणि शिकवताना संकेतस्थळांवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर?

२/
आधी इतिहास पाहू. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. निजामशाही १६३६ मध्ये बुडाली होती आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकाच्या मोहिमांवर होते. डिचोलीचा मुलूख आदिलशाहीकडे होता. पोर्तुगीजांच्या ताब्यात गोव्यातील तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी एवढाच प्रदेश होता. महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. म्हणजे या लेखातील 'मराठा साम्राज्य' अजून जन्मालाच आले नव्हते. चौथीचे शिवछत्रपतींचे पुस्तक मन लावून वाचलेल्या मुलालाही ही तारीख खटकली असती.

३/
तरीही पाच वर्षे ती कोणाला खटकली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये विकिपीडियाच्या एका सदस्याने लेखातील संदर्भग्रंथ शोधायला घेतले, तेव्हा ज्यांच्या आधारावर सारा लेख उभा होता ती पुस्तकेच कोठे सापडेनात. लेख काढून टाकण्यात आला. तोवर त्याच्या नकला इतर संकेतस्थळांवर पोहोचल्या होत्या.

लक्षात घ्या, हा लेख पाडायला गुप्त दप्तर लागले नाही. तळटिपेत लिहिलेले पुस्तक खरोखर आहे का, एवढेच कोणीतरी पाहिले. पाच वर्षांत हे काम एकदाच झाले.

४/
या प्रकरणातील हानी केवळ एका खोट्या लेखाची नाही. डिचोलीला स्वतःचा खरा इतिहास आहे. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. त्याचा शिलालेख तेथे आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर १६८३ मध्ये डिचोलीत मुक्कामाला होता आणि त्याच वर्षी संभाजी महाराज व पोर्तुगीज यांच्यात खरेखुरे युद्ध पेटले. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्यातील पोर्तुगीज दप्तरे धुंडाळून 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ सिद्ध केला, तो याच संबंधांचा. इतका पुरावा हाताशी असताना जगासमोर डिचोलीचे नाव मिरवीत होते ते एक बनावट युद्ध.

५/
योगायोग असा की, २००७ च्या जानेवारीतच अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील मिडलबरी कॉलेजच्या इतिहास विभागाने एक ठराव केला होता. जपानच्या इतिहासाच्या परीक्षेत पाच-सहा विद्यार्थ्यांनी एकच चूक केली : १६३७-३८ च्या शिमाबारा बंडाला जेझुइट धर्मप्रसारकांनी साहाय्य केले, असे त्यांनी लिहिले. तेव्हाच्या जपानात तसे साहाय्य करण्याच्या स्थितीत जेझुइट नव्हतेच. अध्यापकांनी चुकीचा माग काढला, तो विकिपीडियापर्यंत पोहोचला. त्यानंतर विभागाने ठरवले की, निबंधात आणि परीक्षेत विकिपीडियाचा संदर्भ म्हणून उल्लेख चालणार नाही आणि माहितीच्या अचूकतेची जबाबदारी विद्यार्थ्याची राहील.

६/
ठराव समंजस होता. वाचायला बंदी नव्हती, दाखला द्यायला होती. कोणताही ज्ञानकोश, मग तो छापील असला तरी, पदवीच्या निबंधाचा अंतिम आधार असू नये, हे तत्त्व जुनेच आहे.

पण या नियमाच्या कसोटीवर डिचोलीचा लेख लावून पाहा. हुशार विद्यार्थी काय करील? तो मजकूर विकिपीडियावरून घेईल आणि तळटिपेत विकिपीडियाचे नाव न घालता त्या लेखाखाली दिलेल्या ग्रंथाचे नाव घालील. निबंध नियमात बसेल, तळटीप भारदस्त दिसेल आणि पुस्तक मात्र अस्तित्वातच नसेल. केवळ नाव घेण्यास मनाई केली की, माहिती ज्या वाटेने आली ती वाट झाकली जाते आणि तपासणे अधिक कठीण होते.

७/
दुसरा उपाय होता यादीचा. २००४ च्या सुमारास कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको येथील ग्रंथपाल सारा ब्लेकस्ली यांनी विद्यार्थ्यांसाठी पाच निकष मांडले : माहितीचा ताजेपणा, प्रस्तुतता, लेखकाचा अधिकार, अचूकता आणि हेतू. ही यादी जगभरच्या विद्यापीठ ग्रंथालयांनी उचलली. आजही अनेक ठिकाणी संकेतस्थळांचे मूल्यमापन म्हणजे ही यादी, असेच शिकवले जाते : पानावर तारीख आहे का? लेखकाचे नाव आहे का? संपर्काचा पत्ता आहे का? संदर्भ दिले आहेत का? पत्त्याच्या शेवटी 'डॉट ऑर्ग' आहे की 'डॉट कॉम'?

निकष चुकीचे नाहीत. पण त्यांची उत्तरे बहुतेक वेळा त्याच पानावर शोधली जातात. आणि पान ज्याने रचले, उत्तरेही त्यानेच रचलेली असतात.

८/
याचे कुप्रसिद्ध उदाहरण मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने १९९९ मध्ये नोंदलेले एक संकेतस्थळ. पत्ता थेट त्यांच्याच नावाचा, शेवटी 'डॉट ऑर्ग'. विद्यार्थ्यांसाठी प्रश्नमंजूषा आणि छापून वाटण्याजोगी पत्रके. वरवर पाहता शालेय प्रकल्पाला योग्य असे सारे काही. प्रत्यक्षात ते 'स्टॉर्मफ्रंट' या गौरवर्णवर्चस्ववादी गटाने चालवले होते आणि किंग यांची बदनामी हाच त्याचा हेतू होता. ते २०१८ पर्यंत चालू होते आणि अनेक वर्षे शोधाच्या पहिल्या काही निकालांत दिसत असे. मालकाचे नाव पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत होते. ते नाव वाचूनही उपयोग नव्हता. 'स्टॉर्मफ्रंट' म्हणजे कोण, हे दुसरीकडे जाऊनच कळणार होते.

९/
मग खरे जाणकार संकेतस्थळ कसे तपासतात? स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये याचा अभ्यास मांडला. त्यांनी ४५ जणांना संगणकासमोर बसवले : १० पीएच.डी.धारक इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ पदवी विद्यार्थी.

एका कामात दोन संस्थांची पाने दाखवली. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स' ही १९३० पासूनची, साठ हजारांहून अधिक बालरोगतज्ज्ञांची मुख्य व्यावसायिक संस्था. 'अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स' हा २००२ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या दत्तकाधिकाराला विरोध करून निघालेला छोटा गट. नावे जवळजवळ सारखी, दोन्ही पाने सुबक. प्रश्न असा : अधिक विश्वासार्ह कोण?

१०/
दहाही तथ्यतपासनिसांनी अकॅडमी हे उत्तर दिले. इतिहासकारांपैकी निम्म्यांनीच ते दिले. विद्यार्थ्यांपैकी पाचांत एकाने.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी या आकड्यांपाशी क्षणभर थांबावे. साधनचिकित्सा हा ज्यांचा धर्म, त्या दहांपैकी पाच जण कमी पडले. आणि हे निष्काळजीपणाने घडले नाही. ते मन लावून वाचत होते. पानावरचा मजकूर, मांडणी, बोधचिन्ह, संदर्भ या सगळ्यांचा त्यांनी विचार केला.

११/
याच वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये इतिहासकारांवर आणखी एक प्रयोग केला होता. तेव्हा साधने कागदावरची होती. अमेरिकन क्रांतीसंबंधीची कागदपत्रे हातात देताच इतिहासकार मजकुराआधी तळाकडे पाहत : लिहिले कोणी, केव्हा, कोणासाठी? शाळकरी मुले मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरळ वाचत जात. इतिहासकाराची खूण तीच होती, आधी साक्षीदार, मग साक्ष.

कागदावर मुरलेली ती सवय पडद्यावर निम्म्या इतिहासकारांच्या कामी आली नाही. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

१२/
दप्तरातील कागद मर्यादित असतो. तो कोठल्या घराण्यातून आला, कोणत्या रुमालात होता, हे दप्तरखान्याने नोंदलेले असते. चाळणी थोडीफार आधीच लागलेली असते. म्हणून कागद समोर ठेवून वरून खाली बारकाईने वाचणे फलदायी ठरते. संकेतस्थळाला अशी कोणतीही चाळणी नसते.

तथ्यतपासनिसांची रीत निराळी होती. अनोळखी पानावर ते काही क्षणच थांबत. लगेच दुसऱ्या टॅब उघडून त्या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते पाहत आणि मग, वाचण्याजोगे असल्यास, मूळ पानाकडे परतत. वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी याला 'लॅटरल रीडिंग' म्हटले. आपण आडवे वाचन म्हणू. पानावर उभे खाली उतरण्याआधी आजूबाजूला नजर टाकायची.

१३/
ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. पद्धतिशास्त्राच्या पेपरात आपण बहिरंग परीक्षण आणि अंतरंग परीक्षण असे दोन शब्द पाठ करतो. साधन अस्सल आहे का, ते कोठून आले, हे बहिरंग. त्यातील मजकूर खरा आहे का, हे अंतरंग. आडवे वाचन म्हणजे बहिरंग परीक्षणच, फक्त वेगाने केलेले.

आणि ते कसे करावे याचा वस्तुपाठ महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी गिरवला गेला आहे. विषय होता शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा.

१४/
बखरींच्या आधारावर दीर्घकाळ शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ हे जन्मवर्ष रूढ होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत तिथी होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका कागदाविरुद्ध इतक्या बखरी. नुसती संख्या मोजली असती तर शकावली हरली असती.

संशोधक दुसरीकडे पाहू लागले. महाराजांच्या समकालीन कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य तंजावरहून उजेडात आले आणि १९२७ मध्ये छापले गेले. त्यातही तीच तिथी मिळाली. राजस्थानात सापडलेल्या एका जन्मकुंडलीनेही तिलाच दुजोरा दिला. पुढे महाराष्ट्र शासनानेही १९ फेब्रुवारी हीच तारीख स्वीकारली.

१५/
या उदाहरणातील मर्म 'स्वतंत्र' या शब्दात आहे. मावळातील देशमुखाचे घराणे, दक्षिणेत पोहोचलेले काव्य आणि राजस्थानातील कुंडली यांनी एकमेकांची नक्कल केलेली नव्हती. म्हणून तीन साक्षी तीनच मोजायच्या. उलट एकाच परंपरेतून उतरलेल्या दहा बखरी एकच चूक सांगत असतील, तर ती साक्ष एकच.

आता हा नियम पडद्यावर लावा. 'दहा संकेतस्थळांवर हेच दिले आहे' हे वाक्य आपण चर्चेत नेहमी ऐकतो. त्या दहा ठिकाणी वाक्यरचना तीच, चुकीचे शब्दलेखन तेच आणि तळटीपही तीच असेल, तर ती एका मजकुराची दहा बिऱ्हाडे आहेत. डिचोलीच्या युद्धाच्या नकलाही अशाच मोजल्या गेल्या असत्या.

१६/
हे शिकवायचे कसे? अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाचे प्राध्यापक टी. मिल्स केली यांनी २००८ मध्ये एक धाडसी वर्ग घेतला. विषयाचे नावच 'भूतकाळाविषयी खोटे बोलणे' अशा अर्थाचे होते. विद्यार्थ्यांनी एडवर्ड ओवेन्स नावाचा एक 'शेवटचा अमेरिकन चाचा' रचला. त्याच्या शोधाची दैनंदिनी, चित्रफिती, विकिपीडियावरील नोंद असे सारे उभे केले. अनेकांनी ते खरे मानले. सत्र संपताना केली यांनी स्वतःच बनाव उघड केला.

सार्वजनिक ज्ञानकोशात जाणूनबुजून खोटे घालणे योग्य का, यावर तेव्हा कडक टीका झाली आणि ती रास्त होती. शिकण्यासाठी दुसऱ्यांचे पाणी गढूळ करण्याची गरज नाही. मात्र खोटा पुरावा घडवताना तो कोठे कच्चा राहतो हे हाताला कळते, ही त्या वर्गाची शिकवण खरी आहे. असा प्रयोग चार भिंतींच्या आतही करता येतो.

१७/
त्याच वर्गाने २०१२ मध्ये दुसरा बनाव रचला आणि तो रेडिट या मंचावर मांडला. तेथील लोकांनी तो अवघ्या २६ मिनिटांत उघडा पाडला. विकिपीडियावरच्या नोंदी नुकत्याच तयार झालेल्या आहेत, हे त्यांनी पाहिले आणि संशय घेतला.

विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाच्या वर 'इतिहास पहा' आणि 'चर्चा' असे दुवे असतात. कोणते वाक्य कधी घातले, कोणी काढले, वाद कशावर झाला, सारे तेथे आहे. छापील ग्रंथ आपले खर्डे असे दाखवीत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने लेखाआधी हे दुवे उघडावेत. इतर संकेतस्थळांची जुनी रूपे इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर पाहता येतात. मजकूर गुपचूप बदलला असेल तर तेथे कळते.

१८/
इथवर सारे सावधगिरीचे बोललो, पण संकेतस्थळे टाळा असे मला मुळीच म्हणायचे नाही. गावात ग्रंथालय नसलेल्या विद्यार्थ्यासाठी इंटरनेट अर्काइव्हवरील जुने ग्रंथ, राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल', जुनी गॅझेटिअर ही मोठीच सोय आहे. एके काळी ज्या खंडासाठी पुण्याला जावे लागे, तो आज मोबाइलवर उघडतो.

येथेही डोळे उघडे हवेत. जुन्या मराठी ग्रंथांच्या अनेक प्रतिमाप्रतींवर नाव, लेखक, वर्ष चुकीचे नोंदलेले असते, म्हणून मुखपृष्ठ स्वतः पाहावे. यंत्राने ओळखलेल्या देवनागरीत अक्षरे बदलतात, म्हणून शोधात शब्द सापडला नाही याचा अर्थ तो ग्रंथात नाही असा होत नाही. आवृत्ती कोणती, हे नोंदवावे.

१९/
आणि एक मूलभूत मर्यादा. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडीत. गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवड करून ४५ खंड काढले, तरी तो मोठ्या साठ्यातला वेचाच. पडद्यावर पोहोचलेला भाग त्याहून मर्यादित. ज्या भाषेत, ज्या लिपीत, ज्या समाजाविषयी कमी अपलोड झाले, त्यांचा इतिहासच कमी होता असा भास पडद्यावर सहज होतो. 'ऑनलाइन काही मिळाले नाही' हे वाक्य शोधाची सुरुवात असावे. मोडी शिकण्याला आजही पर्याय नाही.

२०/
मग आपल्या वर्गांत काय करता येईल? मला तीन साध्या गोष्टी सुचतात.

पहिली : निबंधात तळटिपेबरोबर वाटही लिहावी. ग्रंथ स्वतः पाहिला की दुसऱ्याच्या लेखातून दाखला घेतला, हे स्पष्ट सांगावे. त्याला कमी गुण पडता कामा नयेत, उलट अधिक पडावेत.

दुसरी : सत्रातील एक गृहपाठ असा असावा की, प्रत्येकाने एका संकेतस्थळावरील तीन तळटिपा मूळ ग्रंथापर्यंत नेऊन पोहोचवाव्यात आणि काय आढळले ते लिहावे.

तिसरी : विकिपीडियावरील मराठी इतिहासाच्या लेखांत विद्यार्थ्यांनी अध्यापकांच्या देखरेखीखाली खरे, पृष्ठांकासह संदर्भ घालावेत. केवळ नावे ठेवून ज्ञानकोश सुधारत नाही.

२१/
हे आत्ताच करणे निकडीचे का आहे, तेही सांगतो. २००७ मध्ये साडेचार हजार शब्दांचे खोटे युद्ध रचायला कोणीतरी बसून मेहनत घेतली होती. आज चॅटबॉटला विचारले तर तसाच मजकूर, न लिहिल्या गेलेल्या ग्रंथांच्या तळटिपांसकट, काही सेकंदांत तयार होऊ शकतो. भाषा सफाईदार असेल, मांडणी निर्दोष असेल. देखण्या रूपावरून विश्वास ठेवण्याचे दिवस त्यामुळे संपले आहेत. ते दिवस फारसे चांगले होते असेही नाही.

आपल्याकडे तर इतिहासातील एका वाक्यावरून माणसे रस्त्यावर येतात. वाक्य कोठून आले हे विचारणारा एक विद्यार्थी त्या गर्दीत असणे, हा इतिहास शिकण्याचा छोटा नव्हे असा उपयोग आहे.

२२/
राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. इतिहास लिहिण्याआधी कागद गोळा केले पाहिजेत, ही त्यामागची धारणा होती. त्यांच्या पिढीपुढे अडचण कागद मिळत नाहीत ही होती. आपल्यापुढे अडचण आहे ती कागद नको तितके मिळतात ही. उपाय मात्र तोच राहिला आहे : आधाराशिवाय लिहू नये आणि आधार पाहिल्याशिवाय त्याला आधार म्हणू नये.

तर मित्रहो, आज एक काम करा. आपल्या गावाविषयीचे कोणतेही पान उघडा, त्यातील एक तळटीप निवडा आणि ते पुस्तक, ते पान शोधून काढा. सापडले तर उत्तम. सापडले नाही, तर या थ्रेडखाली तसे लिहा. पुढचा शोध आपण मिळून करू.